तिसऱ्या ठोक्याची वाट पाहू नका

आमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये टांगलेली, बॉक्सिंगच्या सरावाची स्पीड बॅग बघायला येणारा प्रत्येक जण तेच वाक्य बोलतो, "काय नजर आहे तुमची!" परवा सिन्नरहून मावसभाऊ आला होता, तोही तेच म्हणाला. वर "आपल्या वयात आता हे जमायचं नाही, रिफ्लेक्स राहिले नाहीत" अशी पुस्तीही जोडली. त्याच्याशी तासभर वाद घातला आणि मग वाटलं, हे लिहूनच काढावं. स्पीड बॅगचा नजरेशी फारसा संबंध नाही, आणि रिफ्लेक्सशी त्याहूनही कमी. तापलेल्या तव्याला बोट लागलं की मेंदूला कळायच्या आत मज्जारज्जू हात मागे खेचतो, ती प्रतिक्षिप्त क्रिया. शाळेत आपण हेच शिकलो. बॅग मारणारा माणूस करतो ते याच्या अगदी उलट आहे. तो पुढं काय होणार ते आधीच ओळखून हात निघालेला ठेवतो.

ज्यांनी ही वस्तू जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. पाण्याच्या थेंबाच्या आकाराची, वर निमुळती आणि खाली फुगीर अशी चामड्याची छोटी पिशवी. आत रबरी ब्लॅडर, त्यात फुटबॉलच्या सुईने भरलेली हवा. डोक्याच्या वर एक गोल लाकडी फळी आडवी बसवलेली असते आणि तिच्या मध्यावरच्या स्विव्हलला, म्हणजे सगळ्या दिशांना फिरणाऱ्या आकड्याला, ही पिशवी लटकते. बॉक्सर तिच्यावर मुठी फिरवताना जो तडतडाट ऐकू येतो, तो मुठींचा नसून बॅग फळीवर आपटण्याचा असतो. सगळी गंमत त्या आपटण्यात आहे.

मूठ लागली की बॅग आपल्यापासून लांब जाते आणि फळीच्या पलीकडच्या भागावर खालून आपटते. पहिला ठोका. तिथून उसळून आपल्या दिशेने येते आणि अलीकडच्या भागावर आपटते. दुसरा. पुन्हा पलीकडे, तिसरा. तिसऱ्या ठोक्यानंतर ती आपल्याकडे येत असताना पुढची मूठ द्यायची. दुसऱ्या ठोक्यानंतर मारून बघा, बॅग तेव्हा आपल्यापासून दूर पळत असते. मूठ तिच्या पाठीवरून घसरते आणि सगळं विस्कटतं. म्हणून ठोके नेहमी विषम हवेत. एक, तीन, किंवा पाच. एकावर मारणं फार वेगवान, पाचावर फार संथ. जगभर नवशिक्यांना तिनावरच शिकवतात.

आता थोडं गणित करू. स्विव्हलपासून बॅगेचा गुरुत्वमध्य समजा २० सेंटिमीटर खाली आहे. बॅग फुगीर असल्यामुळे ती पूर्ण आडवी होण्याआधीच फळीला टेकते, लंबरेषेपासून साधारण ६८ अंशांवर. तेवढं वर चढताना गुरुत्वमध्य सुमारे साडेबारा सेंटिमीटर उचलला जातो. ऊर्जा अक्षय्यतेचं सूत्र लावलं तर त्यासाठी तळाशी सेकंदाला १.६ मीटर वेग पुरतो. म्हणजे ताशी साडेपाच-सहा किलोमीटर, आमच्या नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळी झपझप चालणाऱ्या माणसाचा वेग! बॅग फळीपर्यंत पोचवायला एवढंच लागतं. पहिल्या दिवशी सगळे जण जीव खाऊन ठोसा मारतात, त्याची काहीच गरज नसते.

शाळेतला लंबक आठवा. झोका थोडा लहान-मोठा झाला तरी त्याचा आवर्तकाल जवळपास तोच राहतो. इथे मात्र फळी झोका मध्येच तोडते, त्यामुळे बॅग जितकी जोरात जाईल तितके ठोके जवळजवळ पडतात. मुठीने तळाशी सेकंदाला ३ मीटर वेग दिला आणि दर आपटीला वेगाचा पाचवा हिस्सा गेला असं धरू. मग मुठीपासून पहिला ठोका ०.०८ सेकंदावर. पहिल्यापासून दुसरा ०.२ सेकंदावर, दुसऱ्यापासून तिसरा ०.२४ वर, कारण बॅग मंदावत जाते. तिसऱ्या ठोक्यानंतर बॅग पुन्हा मुठीच्या जागी येते ०.१४ सेकंदात. पूर्ण फेरा सेकंदाच्या दोन-तृतीयांशात संपतो, मिनिटाला साधारण ९० मुठी. नवशिक्या दोनेक महिन्यांत या वेगाला येतो.

त्या ०.१४ सेकंदावर जरा थांबा. घरात ३० सेंटिमीटरची पट्टी असेल तर कुणाला तरी ती उभी धरायला सांगा. शून्याची खूण तुमच्या अंगठा-तर्जनीच्या मध्ये हवी. समोरच्याने न सांगता सोडली की पकडा. बहुतेकांची चिमूट १५ ते २५ सेंटिमीटरच्या खुणेवर बसते. २० सेंटिमीटर पडायला पट्टीला ०.२ सेकंद लागतात, हाच तुमच्या डोळ्यांपासून बोटांपर्यंतचा प्रतिसादकाल. जगातल्या उत्तम खेळाडूंचाही यापेक्षा फार कमी नसतो. तिसरा ठोका झाल्यावर "आता मारायचं" असं ठरवलं, तर हात हलायला लागेपर्यंत बॅग येऊन गेलेली असते. नजर कितीही तीक्ष्ण असो, हे गणित जुळतच नाही.

तरीही माणसं सहज मारतात. कशी? हात आधीच निघालेला असतो. मुठी वर्तुळात फिरत असतात, आणि पुढच्या फेऱ्यातला हात पहिल्या-दुसऱ्या ठोक्याच्या सुमारासच वाटेला लागलेला असतो. तो कधी सोडायचा याची खबर देतो कान.

डोळ्यापेक्षा कान इथे सरस का? डोळ्यातल्या पडद्यावर प्रकाश पडल्यावर रासायनिक क्रियांची एक साखळी चालते आणि मगच विद्युत्संदेश तयार होतो. त्यात सेकंदाचे काही शतांश भाग जातात. कानातल्या केशपेशींची गोष्ट वेगळी. त्यांच्यावरच्या सूक्ष्म केसांना जोडणारे धागे ताणले गेले की आयनांची दारं थेट यांत्रिक ओढीने उघडतात, मधे रसायनांची उतरंड नाही. त्यामुळे आवाजाला दिलेला प्रतिसाद दृश्याला दिलेल्या प्रतिसादापेक्षा जलद असतो, हे प्रयोगशाळेत वारंवार मोजलं गेलं आहे. शिवाय वेगात आलेली बॅग डोळ्याला नुसती धूसर पट्टी दिसते. कानाला मात्र प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो.

वरच्या आकड्यांत एक सुंदर गोष्ट दडली आहे. फळीवरच्या ठोक्यांमधली अंतरं बघा. पहिला ते दुसरा ०.२, दुसरा ते तिसरा ०.२४, आणि तिसऱ्यापासून पुढच्या फेऱ्याचा पहिला ०.१४ अधिक ०.०८, म्हणजे ०.२२. जवळजवळ समान! एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. उजव्या हाताचे तीन, डाव्या हाताचे तीन. हा सरळसरळ दादरा ताल आहे. धा धिं ना, धा ती ना. मूठ पडते ती समेच्या किंचित आधी, आणि सम वाजवते फळी. ज्या शहराचं नाव ढोलाला लागलं आहे त्या शहरातल्या माणसाला हे वेगळं शिकवायला लागू नये. पथकात टोल देणारा पोरगा बाकीच्यांचा ठोका ऐकून मग टिपरू उचलत नाही. तो ठोका कुठे पडणार हे त्याच्या अंगात असतं.

लयीबरोबर बोटाने ताल धरायला सांगितलं तर माणसं ठोक्याच्या काही शतांश सेकंद आधीच बोट टेकवतात, आणि आपण अगदी ठोक्यावर आहोत असं त्यांना प्रामाणिकपणे वाटतं. ऐकून प्रतिसाद दिला असता तर बोट उशिरा पडलं असतं. ते लवकर पडतं, याचा अर्थ मेंदू भाकीत करतो आहे.

हे भाकीत घडवण्यात मोठा वाटा डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर बसलेल्या अनुमस्तिष्काचा आहे. हा भाग मला वेड लावतो. आकाराने मेंदूच्या सुमारे दहावा हिस्सा. पण २००९ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी मेंदूतल्या चेतापेशींची मोजदाद केली, तेव्हा एकूण ८,६०० कोटींपैकी ६,९०० कोटी इथेच निघाल्या. त्यात चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी १८३७ मध्ये वर्णन केलेल्या पेशी आहेत, पिंपळपानाच्या जाळीसारख्या एकाच पातळीत पसरलेल्या. अशा एका पेशीवर लाखभर, कधी त्याहून जास्त बारीक समांतर तंतू येऊन टेकतात. हात कुठे आहे, खांदा किती ताणला आहे, कोणता आवाज कधी आला, सगळी खबर त्यांतून येते. आणि त्याच पेशीला वेलीसारखा वेढून येणारा एक, फक्त एकच, आरोही तंतू असतो. १९६९ मध्ये डेव्हिड मार यांनी आणि १९७१ मध्ये जेम्स आल्बस यांनी कल्पना मांडली की हा एकटा तंतू म्हणजे शिक्षक आहे. मार आणि आल्बस यांच्या मांडणीत फरक होता. शिक्षकाची खूण आली की समांतर तंतू आणि पुर्किन्ये पेशी यांच्यातले जोड मजबूत होतात असं मार म्हणत, कमकुवत होतात असं आल्बस. १९८२ मध्ये जपानच्या मासाओ इतो आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात जोड कमकुवत होताना दिसले. मूठ हुकली की आरोही तंतू कडाडतो, आणि त्या क्षणाच्या जरा आधी जे समांतर तंतू बोलत होते त्यांचं म्हणणं पुर्किन्ये पेशी पुढच्या वेळी कमी ऐकते. पुर्किन्ये पेशीचं काम मुळात रोखण्याचं असल्यामुळे, ती कमी बोलली की पुढच्या केंद्रकांना, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यांना, मोकळीक मिळते आणि हालचालीची वेळ सरकते. तपशिलांवर आजही वाद आहेत, आणि शिकण्याच्या इतर जागाही सापडल्या आहेत. पण गाभा असा की हुकलेली प्रत्येक मूठ लाखो जोडांपैकी काहींना किंचित हलवून जाते. म्हणून पहिल्या पंधरा दिवसांतल्या चुका वाया जात नाहीत. सलग तासभर झगडण्यापेक्षा रोज दहा मिनिटं बरी, कारण सरावानंतरच्या विश्रांतीत आणि झोपेत हे बदल पक्के होतात.

तीन-चार महिन्यांनी मी डोळे मिटून बॅग मारू लागलो. बघणाऱ्यांपैकी एका काकांनी हात जोडले आणि "तिसरा डोळा उघडला" म्हणाले. त्यांना मी दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून, वर हेडफोन लावून दाखवलं. चार फेऱ्यांत लय तुटली. यात सिद्धी नाही, कान आहेत. हे ठामपणे सांगतो, कारण मुलांना पट्टी बांधून वाचायला लावणारे 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'चे वर्ग आपल्याकडे गावोगाव निघाले आणि पालकांनी हजारो रुपये मोजले. ती मुलं नाकाशेजारच्या फटीतून खाली बघत असतात, हे अंनिसच्या कार्यकर्त्यांनी जाहीरपणे दाखवून दिलं आहे. मध्यमस्तिष्क जन्मापासून चालूच असतं, ते कुणी चालू करायला लागत नाही. मुलाला फसवणूक शिकवण्यापेक्षा त्याच्या हातात टिपरू द्या.

दुसरी भूलथाप जाहिरातींमधली. दहा मिनिटांत पाचशे कॅलरी म्हणे! व्यायामाच्या ऊर्जाखर्चाच्या २०११ च्या प्रमाणित तक्त्यात पंचिंग बॅगचा आकडा ५.५ मेट होता, म्हणजे स्वस्थ बसल्यावर लागते त्याच्या साडेपाच पट ऊर्जा. ६० किलोच्या माणसासाठी ते तासाला ३३०, म्हणजे दहा मिनिटांत ५५ कॅलरी होतात. अर्धं केळं. दंडावरची चरबी तेवढीच उतरते हेही खरं नाही. फायदा होतो तो खांद्यांच्या दमाला, हात सतत वर धरून ठेवल्यामुळे. आणि लयीला. धावणं गुडघ्यांमुळे सुटलेल्या मला तेवढं भरपूर आहे.

घरी बसवायची असेल तर खर्च बॅगेवर कमी आणि फळीवर जास्त करा. माझी पहिली फळी एका फॅब्रिकेटरने १२ मिलिमीटरच्या प्लायची करून दिली होती आणि अँगल साडेचार इंची भिंतीत ठोकला होता. बॅग आपटली की फळी लवायची, ठोका 'टक्' ऐवजी 'भद्द' यायचा, आणि तिसऱ्या ठोक्यापर्यंत बॅगेत जीवच उरायचा नाही. बॅगेची ऊर्जा फळी वाकवण्यात आणि भिंत हलवण्यात जात होती. आता १८ मिलिमीटरचे दोन थर चिकटवून केलेली फळी आरसीसी कॉलमला अँकर बोल्टने जखडली आहे, आणि त्याच बॅगेचा आवाज खणखणीत येतो. इतका, की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी "घरात नारोशंकराची घंटा बांधलीय का?" असं विचारलं. तेव्हापासून सकाळी आठच्या आत आणि दुपारी झोपेच्या वेळी हात लावत नाही, आणि फळी व अँगलच्या मध्ये जाड रबराचे तुकडे घातले आहेत.

बॅगेचा फुगीर भाग हनुवटी आणि ओठांच्या मध्ये यायला हवा. त्यापेक्षा उंच असेल तर खांदे दोन मिनिटांत भरून येतात. सुरुवातीला मोठी, १० बाय ७ इंचाची बॅग घ्या आणि हवा थोडी कमी ठेवा, ती सावकाश येते. पहिले दिवस मूठही वळू नका, उघड्या तळव्याने एकाच हाताने ढकला आणि मोठ्याने मोजा. मग मुठीची करंगळीकडची बाजू, छोट्या वर्तुळात, बॅगेच्या मधोमध. एका कडेला लागली तर ती गरगर लंबवर्तुळात फिरते. अशा वेळी तिच्यामागे न धावता हाताने थांबवून नव्याने सुरू करायचं. करंगळीखालची कातडी सोलवटते, म्हणून कापडी पट्टी गुंडाळा. खांद्याचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

त्याच काकूंची नववीतली नात गेल्या महिन्यात वर आली. तबल्याच्या दोन परीक्षा झालेली मुलगी. उंची पुरेना म्हणून तिला लाकडी पाटांच्या चवडीवर उभं केलं. मारायच्या आधी तिने मला मारायला लावलं आणि डोळे मिटून ऐकत राहिली. मग म्हणाली, "काका, तुमचा तिसरा जरा लांबतोय." लांबत होताच, ०.०४ सेकंदाने. नंतर तिने तळवा उचलला, तोंडाने धा धिं ना सुरू केलं, आणि पाचव्या प्रयत्नाला सलग अकरा आवर्तनं झाली.