क्षितिज मधोमध नको, हे ठरवलं कोणी?

क्षितिजरेषा फोटोच्या मधोमध आणू नकोस, वरच्या नाहीतर खालच्या तिसऱ्या हिश्शावर ठेव, हे कॅमेरा हाती घेतलेल्या प्रत्येकाला कुणीतरी सांगतंच. हा नियम कॅमेऱ्यापेक्षा जुना आहे.

मुळात प्रश्न हिश्श्यांचा नव्हताच, डोळ्यांच्या उंचीचा होता. १४३५ मध्ये अल्बर्टी या इटालियन विद्वानाने चित्रकलेवर ग्रंथ लिहिला. त्यात दूर जाणाऱ्या समांतर रेषा जिथे मिळताना दिसतात तो बिंदू, म्हणजे पर्यायाने क्षितिज, चित्रातल्या माणसाच्या उंचीपेक्षा वर नसावा, असं त्याने सांगितलं. पुढे सोळाव्या शतकात पातिनीर या निसर्गचित्रकाराने क्षितिज पार वर नेलं, कारण त्याला डोंगर, नद्या, गावं सगळंच दाखवायचं होतं. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी ते खाली ओढलं. त्यांच्यातल्या राउसडालने रंगवलेल्या हार्लेम शहराच्या दृश्यांत बहुतेक जागा ढगांनाच मिळते.

‘तृतीयांशाचा नियम’ हे नाव १७९७ मध्ये आलं. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने उजेड-अंधाराच्या प्रमाणाची चर्चा करता करता तेच गणित जमीन-आकाशाला लावलं. आकाशाला दोन हिस्से द्या किंवा एक, पण निम्मं नको. आज दगडावर कोरल्यासारखा वाटणारा हा नियम त्याने मात्र ‘असं म्हटलं तर चालेल ना’ अशा संकोचाने मांडला होता.

फोटोग्राफीत क्षितिजावर आणखी एक काम येऊन पडलं: जोड लपवायचं. त्या काळी निगेटिव्हसाठी वापरली जाणारी, कोलोडियन या चिकट रसायनाचा थर दिलेली काच निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद द्यायची. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश जळून पांढरं व्हायचं. म्हणून १८५० च्या दशकात गुस्ताव ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्राची आणि आकाशाची निगेटिव्ह वेगळी घ्यायचा आणि प्रिंट करताना दोन्ही क्षितिजावर जुळवायचा. तेच ढग त्याच्या एकाहून जास्त समुद्रांवर दिसतात! अशा वेळी रेषा कुठे आली यापेक्षा सांधा दिसत नाही ना, ही चिंता मोठी.

आणि मग जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो. १९८० पासून त्याने जगभरचे समुद्र टिपले. खाली पाणी, वर हवा, क्षितिज अगदी मध्यावर. ना जहाज, ना किनारा, ना पक्षी. दोन्ही अर्धुकं सारख्याच वजनाची, त्यामुळे नजर त्या एका रेषेवरच जाऊन थांबते, आणि काही चित्रांत तर धुक्याने तीही पुसलेली असते.