पाणी कोमट, ऊन कडक: सर्फिंगला येताना अंगात काय घालाल?

आमच्या सर्फिंग वर्गाचं बुकिंग झालं की पहिला फोन बहुधा याच प्रश्नाचा येतो, वेटसूट (थंड पाण्यात अंगाची ऊब राखणारा जाड रबरी सूट) आणायचा का? व्हिडिओत सगळे गळ्यापासून घोट्यापर्यंत काळ्या सूटमध्ये दिसतात, तेव्हा शंका रास्तच आहे. पण ते सूट इंग्लंड-आयर्लंडसारख्या समुद्रांसाठी असतात. तिथे फेब्रुवारीत पाणी ९-१० अंशांवर असतं. आपल्या गोव्यातल्या पेडणे किनाऱ्यावर, म्हणजे हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी या पट्ट्यात, ते २७ अंशांखाली क्वचितच जातं आणि मे महिन्यात ३० अंशांपर्यंत चढतं. इथे जाड सूट घालून तासभर हात मारलेत तर जीव नुसता उकडून निघेल. वेटसूट आणू नका.

थंडी मुळीच वाजत नाही असं मात्र नाही. जानेवारीत सकाळी हवा २०-२१ अंशांवर असते आणि पाणी त्याहून गरम. आत शिरताना बरं वाटतं. कुडकुडायला होतं ते बाहेर आल्यावर, ओल्या अंगाला मतलई वारा लागला की. शिवाय पाणी कोमट असलं तरी अंगापेक्षा आठ-नऊ अंशांनी गारच, आणि पाणी हवेच्या कितीतरी पट वेगाने अंगातली ऊब खेचतं. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत येणाऱ्या लहान मुलांना आणि अगदी सडपातळ मंडळींना आम्ही एक-दोन मिलिमीटरचं निओप्रीनचं, म्हणजे वेटसूटच्याच रबरी कापडाचं, जाकीट देतो. मुलाचे ओठ जांभळट दिसले तर "अजून एक लाट" म्हणून थांबू नका, लगेच बाहेर आणा. कोरडा पंचा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट पिशवीत सगळ्यात वर ठेवा.

इथे कपडे लागतात ते ऊन आणि घासणं या दोन गोष्टींसाठी.

घासण्याचं आधी सांगतो, कारण त्याची कल्पना नवख्यांना नसते. पाय घसरू नये म्हणून बोर्डावर वॅक्स, म्हणजे मेण, लावलेलं असतं. त्यात वाळूचे कण रुततात आणि बोर्ड पॉलिशपेपरसारखा खरखरीत होतो. त्यावर तुम्ही पोटावर झोपता, हात मारता, उठता, पडता, पुन्हा झोपता. उघड्या अंगाने आलेल्यांची छाती आणि पोट पहिल्याच दिवशी लालभडक होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्या सोलवटलेल्या कातडीला खारं पाणी लागलं की डोळ्यांत पाणी येतं. तीन दिवसांचा कोर्स घेतलेली माणसं यापायी दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर बसून राहिलेली आम्ही पाहिली आहेत. फार वाईट वाटतं.

सुती टी-शर्ट हा त्यावरचा उपाय नव्हे. तो भिजून जड होतो, लाटेत गळ्यापर्यंत गोळा होतो, आणि ओल्या सुती कापडातून ऊनही जास्त आत येतं. अंगाला चापून बसणारा, लांब बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा पातळ, ताणणारा शर्ट, घ्या. लेबलवर यूपीएफ (कापड ऊन किती अडवतं त्याचा आकडा) ५० लिहिलेलं असेल तर उन्हातले अतिनील किरण जेमतेम दोन टक्के आत येतात. खाली गुडघ्यापर्यंतची स्विम टाइट्स किंवा लेगिंग्ज, पुरुषांनाही तीच सांगतो. सैल बर्म्युडा मांड्यांना काचते, आणि पुढची नाडीची गाठ बोर्डावर झोपल्यावर पोटात रुतते. पोहण्याचे कपडे घालायला संकोच वाटणाऱ्या ताईंनी, काकूंनी या जोडावर वरून सैल हाफ पँट घातली तरी चालते.

उन्हाला पाण्यात विसरायला होतं. गारव्यामुळे चटका जाणवत नाही. मेच्या सुरुवातीला तर गोव्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य अगदी डोक्यावर. म्हणून मार्चनंतर आमचे वर्ग सकाळी साडेनऊच्या आत संपतात. नाक, कान, मानेची मागची बाजू आणि पोटऱ्या यांना झिंक ऑक्साइडचं पांढरं मलम जाडसर लावा. पोटऱ्या हमखास राहून जातात. पायांच्या पुढच्या बाजूला मात्र लावू नका, बोर्ड निसरडा होतो.

अंगठ्या, साखळी, मंगळसूत्र खोलीवरच ठेवून या. वाळूत पडलेलं सोनं सापडत नाही.

इथे शिकून पुढे श्रीलंकेत वेलिगामाला गेलात तर हेच कपडे पुरतील, तिथलं पाणीही २७ ते २९ अंशांचंच. बालीच्या दक्षिण टोकाला जुलै-ऑगस्टमध्ये पाणी थोडं गार असतं आणि तळाशी प्रवाळ खडक आहेत, तिथे पायात रबरी बूट हवेतच.

रॅशगार्ड आमच्याकडे मुलांच्या मापापासून डबल एक्सएलपर्यंत आहेत, फीमध्येच धरलेले. छातीचं माप आदल्या संध्याकाळपर्यंत कळवा, धुऊन वाळवून ठेवतो.