पोलंडमधील खाणशिक्षणाची पार्श्वभूमी

क्राकोव्हजवळच्या व्हिएलिच्का आणि बोखनिया येथील मिठाच्या खाणी तेराव्या शतकापासून चालत आल्या असल्या, तरी पोलिश भूमीवर खाणकाम शाळेत बसून शिकण्याची सोय व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. तोवर हे ज्ञान बापाकडून मुलाकडे आणि जुन्या कामगाराकडून नव्याकडे जात असे, आणि ज्याला त्यापलीकडे काही शिकायचे असेल तो सॅक्सनीतील फ्रायबेर्गची वाट धरी, कारण तिथे 1765 पासून खाण अकादमी होती. मध्यंतरी, अठराव्या शतकाच्या अखेरीस, पोलंडचे राज्यच रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी वाटून घेतले. त्यामुळे खाणशिक्षण कोणत्या सरकारच्या हुकमाने, कोणाच्या गरजेसाठी आणि कोणत्या भाषेत द्यायचे, हा प्रश्न पुढची सव्वाशे वर्षे या विषयाला चिकटून राहिला.

पहिला मोठा प्रयत्न स्तानिस्वाव स्टाशित्स यांचा. धर्मगुरू, भूगर्भाचे अभ्यासक आणि प्रशासक असलेल्या या गृहस्थांनी रशियन झारच्या आधिपत्याखालील पोलिश राज्यात उद्योगखात्याची सूत्रे हाती घेतली आणि 1816 मध्ये किएल्त्से येथे खाणकामाची उच्च शाळा स्थापन करविली. गाव विचारपूर्वक निवडले होते. आसपासच्या डोंगराळ भागात लोखंड, तांबे आणि शिसे यांचे जुने उद्योग होते, आणि खाणींचे मुख्य संचालनालयही तिथेच बसले. अडचण शिक्षकांची होती. जाणकार माणसे सॅक्सनीतून बोलवावी लागली. पोलंडच्या भूस्तरांचे पहिले सविस्तर वर्णन पुढे ज्यांनी लिहिले ते पुश हे भूवैज्ञानिक त्यांपैकीच एक. शाळा जेमतेम दशकभर टिकली. खाणी अर्थखात्याकडे गेल्या, स्टाशित्स बाजूला झाले, 1826 मध्ये ते वारले आणि त्याच सुमारास किएल्त्सेमधील वर्गही संपले. एका माणसाच्या वजनावर उभी राहिलेली संस्था त्याच्या मागे किती दिवस तग धरणार, हे इथे दिसते. पण खरे कारण असे की शिकून तयार झालेल्या पोलिश अभियंत्यांची निकड परक्या सत्तेला फारशी नव्हती.

त्यानंतर जे झाले ते प्रामुख्याने खालच्या पातळीवर. प्रशियाच्या ताब्यातील सायलेशियात टार्नोव्हस्के गुरी येथे 1803 मध्येच शाळा निघाली होती, मात्र तिचा कारभार जर्मन होता. रशियन भागात 1889 मध्ये दोंब्रोवा येथे कोळशाच्या पट्ट्यात शाळा सुरू झाली. खाणीतल्या देखरेख करणाऱ्या मुकादमाला पोलिश भाषेत ‘श्तिगार’ म्हणतात. ही शाळा असे मुकादम घडवी, म्हणून लोक तिला ‘श्तिगार्का’ म्हणू लागले. विसाव्या शतकात या शाळेच्याच आवारात, जमिनीखाली, सरावासाठी बोगदे खोदण्यात आले. छताला टेकू देणे आणि कोळशाचे गाडे हलवणे मुले तिथे प्रत्यक्ष करून शिकत. ते बोगदे आज संग्रहालयाचा भाग आहेत.

उच्च शिक्षणासाठी मात्र ऑस्ट्रियातील लेओबेन, बोहेमियातील प्रशिब्राम किंवा रशियातील सेंट पीटर्सबर्ग गाठावेच लागे. ऑस्ट्रियाच्या अमलाखालील गॅलिशियाला काहीशी स्वायत्तता होती आणि क्राकोव्हमध्ये पोलिश विद्यापीठ चालू होते, त्यामुळे मागणीने जोर धरला तो तिथे. सम्राट फ्रान्झ जोसेफने 1913 मध्ये क्राकोव्हच्या खाण अकादमीला मान्यता दिली आणि 1914 च्या शरदात वर्ग भरायचे ठरले. त्या उन्हाळ्यात महायुद्ध पेटले आणि सारे कागदावर राहिले.

शेवटी स्वतंत्र पोलंडच्या सरकारने 1919 च्या एप्रिलमध्ये निर्णय घेतला आणि 20 ऑक्टोबर 1919 रोजी राष्ट्रप्रमुख युझेफ पिल्सुडस्की यांनी क्राकोव्हच्या त्याच पोलिश विद्यापीठाच्या, म्हणजे यागिएलोनियन विद्यापीठाच्या, सभागृहात अकादमीचे उद्घाटन केले. सुरुवातीला एकच विभाग होता, खाणकामाचा. जागा उसन्या होत्या आणि पहिले रेक्टर, म्हणजे कुलगुरू, होते गणितज्ञ आंतोनी होबोर्स्की. लक्षात घेण्याजोगे म्हणजे, वरच्या सायलेशियाचा कोळसा तेव्हा अजून पोलंडचा नव्हता. सार्वमत आणि उठावांनंतर 1922 मध्ये त्याचा एक भाग मिळाला. म्हणजे अभियंते तयार करायला आधी सुरुवात झाली आणि मोठ्या खाणी नंतर हाती आल्या.

6 नोव्हेंबर 1939 रोजी जर्मनांनी क्राकोव्हच्या प्राध्यापकांना व्याख्यानाच्या निमित्ताने विद्यापीठात बोलावून अटक केली. अटक झालेल्या 183 जणांत खाण अकादमीचेही अनेक होते. होबोर्स्की 1940 मध्ये साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत मरण पावले. अकादमीच्या पुढे उभ्या राहिलेल्या भव्य इमारतीत व्यापलेल्या पोलंडचे जर्मन प्रशासन बसले आणि छतावरचा खाणकामगारांच्या रक्षक संत बार्बरा यांचा पुतळा पाडण्यात आला. तो 1999 मध्ये पुन्हा बसवला गेला. उच्च शिक्षणावर बंदी असतानाही वालेरी गेटेल यांच्यासारखे प्राध्यापक परवानगी असलेल्या तांत्रिक शाळेच्या आडोशाने शिकवत राहिले, आणि 1945 मध्ये गेटेलच रेक्टर म्हणून समोर आले.

युद्धानंतर विस्तार झपाट्याने झाला. 1949 मध्ये नावात धातुकामाची भर पडली, 1969 मध्ये स्टाशित्स यांचे नाव जोडले गेले आणि ग्लिवित्से व व्रोत्सवाव्ह येथेही खाण विभाग निघाले. जुने संस्कार मात्र टिकून राहिले. नव्या विद्यार्थ्याने हातात बिअरचा मग घेऊन पिंपावर चढावे, आपली ओळख सांगावी आणि दोघांनी धरलेल्या चामड्यावरून उडी मारावी, तेव्हा तो बिरादरीत दाखल झाला असे मानतात. पूर्वीचे खाणकामगार असे चामडे मागे कमरेला बांधत, तेच हे.

2021 मध्ये सरकार आणि कामगार संघटना यांच्यात दगडी कोळशाच्या खाणी 2049 पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा करार झाला. क्राकोव्हमध्ये 1919 साली जो विभाग एकटा होता, तो आता स्थापत्य अभियांत्रिकी आणि संसाधन व्यवस्थापन या नावाने चालतो.