टीबीच्या गोळ्या इतके महिने का?

दोन महिन्यात खोकला थांबला, वजन वाढलं, मग आता गोळ्या कशाला? टीबीच्या पेशंटला हा प्रश्न पडतोच, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही, बरं वाटलं की आपण बरे झालो असंच कुणालाही वाटणार.

पण हा जंतू फार संथ आहे. आतड्यातले ई. कोलाय जंतू वीस मिनिटात एकाचे दोन होतात, याला जवळजवळ वीस तास लागतात, वर मेणचट जाड कवच, आणि काही जंतू तर नुसते निपचित पडून राहतात, त्यांच्यावर औषध नीट चालत नाही.

आता गणित बघा. टीबीने फुफ्फुसात पोखरलेल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज असू शकतात. साधारण दहा लाखात एक जंतू आयसोनियाझिडला, म्हणजे टीबीच्या एका मुख्य औषधाला, मुळातच दाद देत नाही, म्हणजे पहिली गोळी घ्यायच्या आधीच असे शंभरेक आत बसलेत! एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात आणि यांना रान मोकळं. 1940 च्या दशकात एकट्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचं हेच झालं, पेशंट आधी सुधारले, मग बरेच जण परत ढासळले. म्हणून औषधं एकत्र देतात, एकाला चुकवलेला दुसऱ्याच्या तावडीत सापडतो.

आयसोनियाझिड आणि दुसरं मुख्य औषध रिफाम्पिसिन, दोन्ही चालेनाशी झाली की तो एमडीआर, म्हणजे अनेक औषधांना दाद न देणारा टीबी. आणि हा जंतू हवेतून तसाच दुसऱ्याला लागतो, त्यामुळे ज्याने आयुष्यात एकही डोस चुकवलेला नाही त्यालाही होतो, तेव्हा "गोळ्या सोडल्या असतील" असं पेशंटला ऐकवणं सोडा, प्लीज.

पूर्वी यावर दीड-दोन वर्षं औषधं, त्यात कित्येक महिने इंजेक्शनं, आणि त्या इंजेक्शनांनी कितीतरी जणांचे कान कायमचे गेले. 2012 मध्ये बेडाक्विलिन या नव्या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली, ते जंतूची ऊर्जा बनवायची यंत्रणाच बंद पाडतं. 2022 मध्ये डब्ल्यूएचओने ते धरून चार औषधांचा सहा महिन्यांचा कोर्स सुचवला, सगळ्या गोळ्या, इंजेक्शन नाही. बेडाक्विलिनचं पेटंट लांबवायचा कंपनीचा अर्ज 2023 मध्ये भारतात फेटाळला गेला, आणि त्याला हरकत घेणाऱ्या दोघी, एक भारतातली, एक दक्षिण आफ्रिकेतली, टीबीच्या उपचारातच ऐकणं गमावलेल्या.

काळजी वेगळीच आहे. बेडाक्विलिनला न जुमानणारे जंतूही आता सापडायला लागलेत. रिफाम्पिसिन चालणार का हे जीनएक्सपर्ट मशीन दोन तासात सांगतं, बेडाक्विलिनसाठी तितकी झटपट टेस्ट अजून सगळीकडे पोचलेली नाही, बऱ्याच ठिकाणी थुंकीतले जंतू वाढवून बघावे लागतात, आणि संथ जंतू तो, त्यात आठवडे जातात.