फॉर्मवरील हिशेबी रकाने आणि इव्हेंट हँडलर : एक पार्श्वभूमी

जुना डेस्कटॉप प्रोग्रॅम नव्या भाषेत उतरवायला घेतला की स्क्रीन, रिपोर्ट आणि टेबले यांचा प्रश्न तुलनेने लवकर सुटतो. काम अडते ते एका रकान्यातील आकडा बदलल्यावर त्यावर अवलंबून असलेला दुसरा आकडा कोणी, केव्हा आणि कोणत्या इव्हेंटमध्ये (म्हणजे स्क्रीनवर घडलेल्या कोणत्या घटनेला) बदलायचा, यावर. दूध संस्थेच्या संकलनाच्या फॉर्मवर लिटर, फॅट आणि डिग्री (लॅक्टोमीटरवरचा आकडा) भरली की एसएनएफ (दुधातील फॅट सोडून उरलेले घन घटक), दर आणि रक्कम आपोआप यावी, किंवा कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतील पेढीवर वजन आणि भाव भरला की हमाली-तोलाई वजा होऊन पट्टीची, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीची, निव्वळ रक्कम दिसावी, ही अपेक्षा साधीच आहे. ती पुरी करण्याच्या रीती मात्र दर दहा वर्षांनी बदलत गेल्या आणि प्रत्येक रीतीने मागच्या रीतीतील एक तरी दोष बरोबर आणला.

डॉसच्या काळात हा प्रश्न फारसा जाणवत नव्हता. डीबेस, १९८५ मध्ये आलेला क्लिपर आणि पुढे फॉक्सप्रो यांत रकान्यांचा क्रम प्रोग्रॅमच ठरवत असे. गेट या आज्ञेला व्हॅलिड जोडले आणि त्यात आपले फंक्शन लिहिले, की ऑपरेटरने एंटर दाबल्यावर ते फंक्शन चालणार आणि ते होकार देईपर्यंत कर्सर पुढे सरकणार नाही, अशी व्यवस्था होती. तपासणीही तिथेच आणि गुणाकारही तिथेच. स्प्रेडशीटने या बाबतीत वेगळीच वाट धरली होती. १९७९ च्या व्हिजिकॅल्कमध्ये सूत्रे ओळीच्या किंवा स्तंभाच्या क्रमाने मोजली जात. १९८३ च्या लोटस १-२-३ ने कोणते सूत्र कोणावर अवलंबून आहे हे पाहून क्रम लावायला सुरुवात केली. आकड्यांचे परस्परसंबंध एकदा सांगून ठेवायचे आणि मोजणीची वेळ यंत्रावर सोडायची, हा विचार तेव्हाच सिद्ध झाला होता. फॉर्म बनवणाऱ्या साधनांनी तो बराच काळ घेतला नाही, ही या सगळ्या इतिहासातील सर्वांत महागडी उपेक्षा म्हणावी लागेल.

खिडक्या आणि माउस आल्यावर क्रम प्रोग्रॅमच्या हातातून निसटला. ऑपरेटर कोणत्याही रकान्यावर थेट क्लिक करू शकत होता. त्यामुळे प्रोग्रॅमने वाट पाहायची आणि काही घडले की त्या घटनेला जोडलेला हँडलर चालवायचा, ही पद्धत रूढ झाली. १९९१ च्या व्हिज्युअल बेसिकने ती सामान्य प्रोग्रॅमरच्या आवाक्यात आणली आणि १९९८ च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत ती घट्ट रुजली. बिलिंग, पगार, दूध संकलन आणि फौंड्रीतील कास्टिंगच्या वजनाचे हिशेब अशा कामांना त्या आवृत्तीत लिहिलेले प्रोग्रॅम पिढीभर पुरले. त्या आवृत्तीच्या संपादकाचा आधार एप्रिल २००८ मध्ये संपला, पण प्रोग्रॅम चालवणाऱ्या फायलींना विंडोजचा आधार पुढेही राहिला. म्हणून ते प्रोग्रॅम आजही चालू आहेत आणि त्यांतील निर्णयही.

या काळातील पहिला वाद हिशेब चेंजमध्ये लिहायचा की लॉस्टफोकसमध्ये (कर्सर रकान्यातून बाहेर पडला की उठणाऱ्या इव्हेंटमध्ये), असा होता. चेंज हा इव्हेंट प्रत्येक अक्षराला उठतो. १२.५ टाइप करताना तो चार वेळा उठतो आणि मधल्या अर्धवट स्थितीतही गुणाकार करतो. रिकामा रकाना किंवा नुसता बिंदू सीडबल या मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनकडे गेला की माहितीचा प्रकार जुळत नसल्याची चूक येते, म्हणून बहुतेकांनी त्याच कामासाठी व्हॅल हे फंक्शन वापरले. पण व्हॅल स्वल्पविरामापाशी थांबते. स्वतःच्याच प्रोग्रॅमने सुबक दिसावे म्हणून १,२५० असा मांडलेला आकडा पुन्हा वाचताना त्याला फक्त १ दिसतो. हा दोष चूक म्हणून समोर येत नाही, एकूण रक्कम निमूटपणे कमी होते. म्हणून तो अधिक घातक.

लॉस्टफोकसवाल्यांचे म्हणणे असे होते की ऑपरेटरचे लिहून झाल्यावरच हिशेब करावा. ते योग्य दिसते, परंतु फोकस, म्हणजे टाइप केलेले जिथे उमटते ती जागा, हलल्याशिवाय तो इव्हेंट उठत नाही. टूलबारवरचे सेव्ह दाबले तर फोकस रकान्यातच राहतो, मेनूतून सेव्ह केले तरी राहतो, आणि डीफॉल्ट ठरवलेले बटण एंटरने चालवले तरीही राहतो. परिणामी शेवटच्या रकान्यात नवा आकडा असतो आणि बेरीज जुन्या आकड्याची जतन होते. आपल्याकडे तर डॉसची सवय असलेल्या ऑपरेटरला टॅबऐवजी एंटरनेच पुढे जायचे असे. त्यासाठी कीप्रेसमध्ये एंटरचा १३ हा कोड पकडून सेंडकीज या कळ दाबल्याचा भास करणाऱ्या आज्ञेने टॅब पाठवण्याची युक्ती सर्रास केली जाई, आणि विंडोज व्हिस्टा आल्यावर तीच ओळ परवानगी नाकारल्याची चूक देऊ लागली. सहाव्या आवृत्तीने फोकस जाण्याआधी तपासणी करणारा व्हॅलिडेट हा इव्हेंट आणि कॉजेसव्हॅलिडेशन हा गुणधर्म दिला, शेवटच्या रकान्यासाठी व्हॅलिडेटकंट्रोल्स ही मेथडही दिली; पण तोवर लिहिलेल्या फॉर्मना हात लावायला कोण धजणार?

या वादाखाली दुसरा, अधिक खोल प्रश्न दडलेला होता आणि तो मात्र क्वचितच स्पष्टपणे मांडला गेला. रकान्यातील मजकूर माणसाने न बदलता प्रोग्रॅमनेच बदलला, तर तो बदल इव्हेंटच्या दृष्टीने बदल मानायचा की नाही? प्रत्येक साधनाने याचे उत्तर स्वतःपुरते दिले आणि ती उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. व्हिज्युअल बेसिकच्या टेक्स्टबॉक्सचा चेंज दोन्ही वेळा उठतो; चेकबॉक्सची किंमत कोडने बदलली तरी त्याचा क्लिक उठतो, जणू कोणी माउस दाबला आहे. डेल्फी या साधनातील एडिट रकान्याचा ऑनचेंजही कोडने केलेल्या बदलाला उठतो. ॲक्सेस या डेटाबेसच्या साधनात उलट आहे: आफ्टरअपडेट केवळ वापरणाऱ्याने केलेल्या बदलाला उठतो, कोडने किंमत भरली तर तो गप्प राहतो. विंडोजच्या मुळाशी असलेल्या एडिट कंट्रोलमध्येही (मजकूर लिहिण्याच्या घटकातही) एकवाक्यता नाही. एकओळी कंट्रोलमध्ये कोडने मजकूर भरला तर बदलाची सूचना जाते. बहुओळी कंट्रोलमध्ये त्याच संदेशाने भरला तर जात नाही. १९९५ च्या व्हिज्युअल फॉक्सप्रोने मात्र हे दोन सरळ वेगळे केले: माणसाच्या बदलाला इंटरॲक्टिव्हचेंज आणि कोडच्या बदलाला प्रोग्रॅमॅटिकचेंज. माझ्या मते त्या काळातील हे सर्वांत प्रामाणिक उत्तर होते, कारण त्याने प्रोग्रॅमरला प्रश्न दाखवला आणि निर्णय त्याच्यावर सोपवला. त्या साधनाची नववी आवृत्ती २००४ मध्ये आली आणि पुढची येणार नाही असे २००७ मध्ये जाहीर झाले. त्याबरोबर हा स्पष्ट भेदही बहुतांश प्रोग्रॅमरच्या नजरेआड गेला.

या प्रश्नाला व्यवहारात किती किंमत आहे, हे दूध संकलनाइतके दुसरीकडे कुठे दिसत नाही. एसएनएफ काढताना दुरुस्त केलेल्या डिग्रीला ४ ने भागून त्यात फॅटचा ठरावीक अंश आणि एक स्थिरांक मिळवतात. त्या एसएनएफवरून आणि फॅटवरून दरपत्रकातला दर घेतात आणि त्याला लिटरने गुणतात. सचिव हाताने आकडे भरत होते तोवर हा सगळा हिशेब लॉस्टफोकसमध्ये सुखाने चालला. पुढे वजनकाटा आणि फॅट तपासणारे यंत्र सीरियल पोर्टने संगणकाला जोडले गेले. यंत्राकडून आलेला आकडा पोर्टवर माहिती आली की उठणाऱ्या ऑनकॉम इव्हेंटमधून कोड थेट रकान्यात भरू लागला. त्या रकान्यात कर्सर कधी गेलाच नाही, त्यामुळे तो तिथून बाहेर पडण्याचाही प्रश्न नाही आणि लॉस्टफोकस उठत नाही. स्क्रीनवर फॅट नव्या सभासदाचे आणि रक्कम आधीच्या सभासदाची, असा घोळ या रचनेत होऊ शकतो, आणि सकाळच्या रांगेत तो कोणाच्या लक्षात येईलच असे नाही. ज्यांनी चेंज वापरला होता त्यांचा हिशेब यंत्र जोडल्यावरही चालू राहिला. लॉस्टफोकस शहाणपणाचा आणि चेंज उतावळा, अशी जी वाटणी शिकवली जाई ती या प्रसंगी उलटते. ॲक्सेसमध्ये हीच जोडणी केली तर आफ्टरअपडेट गप्प राहणार, म्हणून हँडलरची प्रक्रिया कोडमधून स्वतः बोलवावी लागते. हा उपाय सर्वांत साधा आहे: हिशेब एका वेगळ्या प्रक्रियेत लिहायचा आणि प्रत्येक हँडलरने फक्त तिला हाक मारायची. तो माहीत सर्वांना होता. बटणावर डबल क्लिक करून उघडलेल्या रिकाम्या जागेतच सगळे लिहून टाकण्याची सोय मात्र जास्त जवळची होती.

प्रोग्रॅमचा बदलही बदलच मानला, तर दुसरी अडचण उभी राहते. कोल्हापूरच्या गुजरीतील सराफाच्या बिलावर वजन, भाव आणि घडणावळ यांवरून एकूण रक्कम निघते, परंतु गिऱ्हाईक एकूण आकड्यावर घासाघीस करते आणि मग त्या आकड्यावरून घडणावळ उलट काढावी लागते. दोन्ही रकाने एकमेकांचे हिशेबी रकाने होतात. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर हीच गरज प्रत्येक दुकानात आली, कारण करासह किंमत भरून मूळ किंमत काढणे रोजचे झाले. १८ टक्के कराची वस्तू करासह १०० रुपयांना द्यायची असेल तर मूळ किंमत ८४.७५ येते, तिच्यावर केंद्राचा ९ टक्के कर ७.६३ आणि राज्याचा तेवढाच, म्हणजे एकूण १००.०१. पैशापर्यंत पूर्णांकन केलेला आकडा परतीच्या वाटेवर मूळ जागी पोचत नाही. आता दोन्ही रकान्यांच्या चेंजमध्ये हँडलर असतील तर गंमत नव्हे, आपत्ती होते. ऑपरेटरने १०० लिहायला १ दाबताच मूळ किंमत ०.८५ होते, तिच्यावरून एकूण १.०१ होते, ते त्याच रकान्यात लिहिले जाते आणि कर्सर सुरुवातीला उडी मारतो. पुढचे शून्य १ च्या आधी पडते.

यावर सर्वत्र वापरला गेलेला तोडगा म्हणजे फ्लॅग. हिशेब सुरू होताना एक बूलियन चल खरे करायचे, ते खरे असेल तर इतर हँडलरनी लगेच परतायचे आणि शेवटी ते खोटे करायचे. मधेच चूक येऊन ओळी ओलांडल्या गेल्या तर फ्लॅग खराच राहतो आणि त्यानंतर फॉर्म बंद होईपर्यंत कोणताही हिशेब होत नाही. एक्सेलमध्ये इव्हेंट चालू-बंद करणारे एनेबलइव्हेंट्स बंद करून ठेवल्यावर हेच घडते, आणि तिथे ते त्या एका फाइलपुरतेही मर्यादित राहत नाही. पूर्णांकनाचा गुंता यात भर घालतो: व्हिज्युअल बेसिकचे राउंड हे फंक्शन नेमका अर्धा आला तर सम अंकाकडे झुकते, फॉरमॅट मात्र वर नेते, त्यामुळे स्क्रीनवर दिसणारा आणि टेबलात गेलेला आकडा एका पैशाने वेगळा असू शकतो. रकमा डबलऐवजी करन्सी प्रकारात ठेवल्या, ज्यात चार दशांश स्थळे नेमकी राहतात, तर बराचसा त्रास टळतो. राउंड आणि फॉरमॅटमधला फरक तरीही उरतो.

हिशेबी आकडा टेबलात साठवायचा की दर वेळी नव्याने काढायचा, हा जोडप्रश्न आहे. ॲक्सेसमध्ये रकान्याच्या कंट्रोल सोर्समध्ये बरोबरचे चिन्ह देऊन सूत्र लिहिले की हँडलरची गरजच उरत नाही, पण तो आकडा टेबलात जात नाही. टेबलातच हिशेबी स्तंभ ठेवण्याची सोय २०१० च्या आवृत्तीत आली. डेल्फीत १९९५ पासूनच ऑनकॅल्कफिल्ड्स होते. दरपत्रक बदलले म्हणून मागच्या महिन्याच्या बिलांची रक्कम बदलून चालत नाही, एवढे लक्षात घेतले तर दिलेल्या बिलाची रक्कम साठवलीच पाहिजे.

डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या नव्या व्यवस्थेच्या २००२ मधील विंडोज फॉर्म्सने इव्हेंटची यादी वाढवली. टेक्स्टचेंज्ड, लीव्ह, व्हॅलिडेटिंग आणि व्हॅलिडेटेड असे टप्पे मिळाले, आणि कॉम्बोबॉक्सपुरता तो जुना भेदही परत आला: सिलेक्टेडइंडेक्सचेंज्ड दोन्ही बदलांना उठतो, सिलेक्शनचेंजकमिटेड फक्त माणसाच्या निवडीला. टेक्स्टबॉक्सला अशी जोडी मिळाली नाही. २००५ मध्ये आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड हा इंटरफेस आला आणि २००६ च्या डब्ल्यूपीएफने, म्हणजे डॉटनेटमध्येच स्क्रीन बांधण्याच्या नव्या साधनाने, त्यावर सगळी बांधणी उभी केली. आकडे वस्तूच्या (कोडमधील ऑब्जेक्टच्या) गुणधर्मांत राहतात, गुणधर्म बदलला की वस्तू तसे कळवते आणि रकाना ते ऐकतो. बदल माणसाने केला, यंत्राने केला की कोडने, याने आता फरक पडत नाही. सीरियल पोर्टचा प्रश्न इथे खऱ्या अर्थाने सुटला.

तरीही जुना वाद नाहीसा झाला नाही, तो एका सेटिंगमध्ये जाऊन बसला. टेक्स्टबॉक्समधील मजकूर वस्तूकडे केव्हा जावा, हे ठरवणाऱ्या अपडेटसोर्सट्रिगरचे मूळ मूल्य लॉस्टफोकस आहे. टूलबारला तिथे स्वतःची फोकसची कक्षा असल्यामुळे त्यावरचे सेव्ह दाबले तर शेवटच्या रकान्यातील आकडा वस्तूपर्यंत पोचत नाही, म्हणजे १९९० च्या दशकातील दोष जसाच्या तसा. सेटिंग प्रॉपर्टीचेंज्ड केले तर प्रत्येक अक्षराला हिशेब होतो आणि डॉटनेटच्या ४.५ या आवृत्तीपासून दशांश संख्येच्या रकान्यात बिंदूच टाइप होत नाही, अशी तक्रार येऊ लागली. त्याच २०१२ च्या आवृत्तीत डीले हा गुणधर्म आला, ज्यामुळे टाइपिंग थांबल्यावर थोड्या वेळाने किंमत पुढे जाते. लेजरच्या नोंदींसारख्या वेगवान कामात तो विलंब किती ठेवावा, हे ऑपरेटरचा हात पाहूनच ठरवावे लागते.

रूपांतराची कामे करणाऱ्यांच्या वाट्याला येतो तो या दोन काळांच्या मधला सांधा. व्हिज्युअल बेसिकचा कोड डॉटनेटमध्ये नेणारे अधिकृत साधन चेंजचे टेक्स्टचेंज्ड आणि लॉस्टफोकसचे लीव्ह करून देत असे आणि त्यासोबत एक इशारा लिहून ठेवी: फॉर्म तयार होतानाच हा इव्हेंट उठू शकतो. डिझाइनमध्ये रकान्याला ०.०० अशी सुरुवातीची किंमत दिलेली असली तर फॉर्म पूर्ण उभा राहण्याआधीच हँडलर चालतो आणि त्याला लागणारे दरपत्रक अजून उघडलेलेही नसते. फॉर्म लोड झाल्याचे सांगणारा फ्लॅग टाकून ही चूक दाबता येते. हिशेब फॉर्ममधून काढून वेगळ्या क्लासमध्ये नेला आणि हँडलरमध्ये फक्त हाक ठेवली, तर तो फ्लॅग लागतच नाही, आणि तोच क्लास पुढे काट्याच्या आकड्यांनाही पुरतो.