मूत्रपिंडातील रक्तप्रवाह
दोन्ही मूत्रपिंडांचे वजन शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. तरी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला लिटरभर रक्त, त्यांच्याकडे जाते. एवढे रक्त पोषणासाठी नव्हे, गाळण्यासाठी लागते. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात शोषला जातो.

शरीरात बहुतेक ठिकाणी केशवाहिन्यांपुढे नीला लागते. मूत्रपिंडातल्या केशिकागुच्छापुढे (जिथे रक्त गाळले जाते त्या केशवाहिन्यांच्या झुबक्यापुढे) मात्र पुन्हा धमनिकाच, म्हणजे बारीक धमनीच, असते, आणि सगळी खुबी इथे आहे. रक्त आणणारी (अभिवाही) धमनिका आवळली की प्रवाह आणि गाळण दोन्ही घटतात. नेणारी (अपवाही) बेताने आवळली, तर प्रवाह घटतो. पण गुच्छातला दाब वाढून गाळण टिकते.

रक्तदाब उतरला की मूत्रपिंड रेनिन नावाचे विकर रक्तात सोडते. १८९८ मध्ये स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट व बेर्गमन यांना ते सशाच्या मूत्रपिंडाच्या अर्कात सापडले. रेनिनमुळे पुढे अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक तयार होते आणि ते मुख्यतः नेणारी धमनिका आवळते. प्रोस्टाग्लँडिने ही शरीरातच तयार होणारी रसायने आणणारी धमनिका सैल ठेवतात. ताणाच्या वेळी सुटणारे नॉरॲड्रेनॅलिन दोन्ही आवळते.

एनालाप्रिल, रामिप्रिल, टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची औषधे अँजिओटेन्सिनचा जोर मोडतात. नेणारी धमनिका सैलावते, गुच्छावरचा ताण उतरतो, लघवीतून जाणारी प्रथिने कमी होतात. मधुमेहींच्या मूत्रपिंडांना याचा मोठा आधार आहे. सुरुवातीला क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) थोडे वाढते. ही वाढ ३० टक्क्यांच्या आत असेल, तर निव्वळ तेवढ्यावरून गोळी बंद करू नये. दोन्ही बाजूंच्या मूत्रपिंड-धमन्या अरुंद झालेल्या असतील, तर मात्र हीच औषधे गाळण एकदम पाडू शकतात.

खरा घात होतो तो साध्या आजारपणात. समजा, एखाद्या आजींना रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. दोन दिवस जुलाब होतात, अंगातले पाणी घटते. त्यातच गुडघे दुखतात म्हणून घरातली डायक्लोफेनॅकची गोळी घेतली जाते. डायक्लोफेनॅक प्रोस्टाग्लँडिने थांबवते, त्यामुळे आणणारी धमनिका आवळते. नेणारी तर टेल्मिसार्टनने आधीच सैल आहे. दाब धरून ठेवायला काहीच उरत नाही आणि लघवी कमी होऊ लागते. वेदनाशामक गोळी लगेच बंद करणे, पाणी भरून काढणे, रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारणे आणि क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासणे, एवढे वेळेवर झाले तर बहुतेकदा मूत्रपिंड पुन्हा पूर्ववत चालते.