पुढच्या ॲक्सलला अखंड शाफ्ट : काम देण्याआधी एवढं वाचा

पावसाळा सुरू झाला की आमच्या उद्यमबागच्या वर्कशॉपमध्ये एक तक्रार हमखास येते. "लीव्हर पडतो, दिवा लागतो, पण पुढची चाकं ओढत नाहीत." गाडी कणकुंबी-चोर्ल्याकडून आलेली असली तर चाकांच्या आत तांबडा चिखल वाळलेला असतो आणि मालकाने ती कुणाच्या तरी ट्रॅक्टरला बांधून बाहेर काढलेली असते. असे बरेच जण ठरवूनच येतात : ती व्हॅक्यूमची भानगड काढून टाका आणि अखंड शाफ्ट घाला. काही फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणाऱ्या गाड्यांत, पुढच्या चाकाला फिरवणारा शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि ते तुकडे इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर, जोडले-सोडले जातात. भानगड ती हीच, आणि त्या जागी घालायचा एकच सलग दांडा म्हणजे अखंड शाफ्ट. हे काम आम्ही आवडीने करतो. पण ते प्रत्येक गाडीला लागत नाही, आणि जिला लागतं तिचं अर्धवट झालं तर आधीपेक्षा जास्त त्रास होतो. पैसे तुमचे जाणार आहेत, तेव्हा आधी नीट समजून घ्या.

तुमच्या गाडीत हा प्रकार आहे का?

जुनी महिंद्राची जीप, मिलिटरी लिलावातली जीप किंवा मारुती जिप्सी असेल तर बहुधा नाही. या गाड्यांत डिफरन्शियलपासून, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या मधल्या गिअरपेटीपासून, चाकापर्यंतचा आतला शाफ्ट मुळातच एका तुकड्याचा असतो. चाक मोकळं करायची सोय असली तर ती टोकाला, हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात असते. हाताने फिरवायचा फ्री-व्हील हब तो हाच. या गाड्यांच्या मालकांना आम्ही हब उघडून साफ करून, ग्रीस भरून देतो. शाफ्टचं काम त्यांनी करूच नये.

दोन तुकड्यांचा शाफ्ट मुख्यतः अमेरिकी बनावटीच्या गाड्यांत सापडतो. १९८७ ते १९९५ ची जीप रँग्लर, १९८४ नंतरची सुरुवातीची काही वर्षं निघालेली जीप चेरोकी, नव्वदच्या दशकातल्या डॉज रॅम. रँग्लर-चेरोकीच्या पुढे डाना ३० ॲक्सल असतो, रॅमला डाना ४४ किंवा ६०. चेरोकीने १९९२ च्या सुमारास ही रचना सोडली आणि कंपनीनेच अखंड शाफ्ट द्यायला सुरुवात केली. आपल्या भागात अशा गाड्या मोजक्याच आहेत, पण ज्यांच्याकडे आहेत ते त्या जिवापाड जपतात. बेळगाव-खानापूरच्या केए-२२, चिक्कोडी-निपाणीच्या केए-२३, चंदगड-गडहिंग्लजच्या एमएच-०९ आणि घाट चढून येणाऱ्या गोव्याच्या गाड्या, सगळ्या आमच्याकडे येतात.

ओळखायची खूण सोपी आहे. गाडीखाली पुढच्या बाजूने वाकून बघा. उजवीकडच्या लांब नळीवर मध्येच एक फुगीर ओतीव घर दिसेल, त्यावर बोल्टने बसवलेलं झाकण आणि झाकणाला आलेल्या बारीक रबरी नळ्या. हे दिसलं तर तुमचा शाफ्ट दोन तुकड्यांचा आहे. पुढच्या चाकांना इंडिपेंडंट सस्पेन्शन असलेल्या गाड्यांची रचना वेगळी असते, त्या आम्ही या कामासाठी घेत नाही.

आत काय चालतं

त्या घरात उजवा शाफ्ट तोडलेला असतो. दोन्ही तुकड्यांच्या तोंडाला दाते, म्हणजे स्प्लाइन, आणि त्यांवर सरकणारी एक कॉलर. कॉलर मध्यावर आली की तुकडे जोडले जातात, बाजूला सरकली की सुटतात. तिला सरकवतो एक फोर्क आणि फोर्कला ओढते व्हॅक्यूम मोटर. लीव्हर फोर-बाय-फोरमध्ये टाकला की इंजिनाची ओढ नळीतून मोटरपर्यंत पोचते आणि कॉलर जोडली जाते.

मग सुटलेल्या अवस्थेत डावं चाक क्राऊनला, म्हणजे डिफरन्शियलच्या मोठ्या गिअरला, फिरवत नाही का? नाही. डावं चाक डावा शाफ्ट फिरवतं. पण उजव्या बाजूला अडवणारं काहीच नसल्याने डिफरन्शियलमधले छोटे गिअर उजव्या आतल्या तुकड्याला उलटं गरागरा फिरवतात. क्राऊन, त्याला फिरवणारा छोटा पिनियन गिअर आणि इंजिनाकडून ताकद आणणारा पुढचा प्रोपेलर शाफ्ट जवळजवळ स्वस्थ राहतात. पेट्रोल थोडं वाचतं, आवाज कमी येतो आणि चालत्या गाडीत फोर-बाय-फोर टाकता येतं. रचना हुशारीची आहे, ती आम्ही कधी वाईट ठरवत नाही. अडचण आहे ती तीस वर्षं जुन्या रबराची.

रबर उन्हाने तडकतं, इंजिनाच्या उष्णतेने कडक होतं. ऊसतोडीच्या दिवसांत शेतातले उंदीर बॉनेटखाली शिरून तेच कुरतडतात. मी स्वतः एकदा जांबोटीच्या पुढे अंधारात दोन तास अडकलो होतो. समोर लीव्हर, दिवा, सगळं बरोबर दिसत होतं. सकाळी बघितलं तर नळीचा बोटभर तुकडा गायब. नवीन नळी घातली आणि गाडी निघाली. त्या दिवसापासून शाफ्टला हात लावण्याआधी आम्ही नळी बघतो.

दुसरं कारण आपल्याकडचंच आहे. अनेकांनी मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवून घेतलंय. डिझेलच्या इनटेकमध्ये तशी ओढ तयार होत नाही, ती ब्रेकच्या व्हॅक्यूम पंपावरून घ्यावी लागते. इंजिन बदलताना ही जोडणी बऱ्याचदा राहून जाते. तो मालक वर्षानुवर्षं लीव्हर टाकत असतो आणि गाडी मागच्या दोन चाकांवरच चालत असते.

घरी करायची तपासणी

सपाट जागेवर मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा. पुढची दोन्ही चाकं उचलून ॲक्सलखाली भक्कम घोड्या ठेवा. नुसत्या जॅकवर हे करू नका आणि गाडीखाली कोणीही जाऊ नका. गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू, लीव्हर फोर-हायमध्ये, म्हणजे फोर-बाय-फोरच्या नेहमीच्या वेगात. आता बाहेर उभं राहून डावं चाक हाताने फिरवा. कॉलर जोडली असेल तर उजवं चाक उलट्या दिशेने फिरेल. उजवं स्वस्थ राहिलं तर कॉलर सुटलेली आहे. चाक थोडं पुढे-मागे केल्यावर खटकन बसली तर दाते एकमेकांसमोर आले होते इतकंच, त्यात बिघाड काही नाही.

ती बसलीच नाही तर गाडी आमच्याकडे आणा. हातपंपाने मोटरवर पाऱ्याची १५ इंच ओढ देऊन आम्ही ती टिकते का बघतो. टिकली तर दोष नळीत किंवा स्विचमध्ये आहे, तेवढंच दुरुस्त करून देऊ. मोटरमध्ये ऑइल भरलेलं निघालं तर आतलं सील गेलंय. कॉलरच्या दात्यांची टोकं गोल झाली असली, फोर्कच्या गाद्या झिजल्या असल्या, तर मग अखंड शाफ्टचा विचार करण्यात अर्थ आहे.

काम कसं होतं

चाक, ब्रेक, हब उतरवून उजवीकडचे दोन्ही तुकडे, कॉलर आणि फोर्क काढले जातात. त्यांच्या जागी डिफरन्शियलपासून चाकाजवळच्या क्रॉसपर्यंत, म्हणजे वळणाऱ्या सांध्यापर्यंत, एकच शाफ्ट जातो. मोटरच्या जागी गॅस्केट लावून जाड पत्र्याचं झाकण बसतं. सांगायला एवढंच. खरं काम सीलचं आहे.

दोन तुकड्यांच्या रचनेत ऑइल ज्या सीलने अडवलेलं असतं ते आतल्या तुकड्याच्या मापाचं असतं. अखंड शाफ्टची जाडी तिथे वेगळी असते, तेव्हा त्या मापाचं नवीन सील बसवावं लागतं. ते आतून बसतं, म्हणून डिफरन्शियल बाहेर काढल्याशिवाय गत्यंतर नाही. हा टप्पा वाचवायचा मोह होतो. आम्ही केलेल्या पहिल्याच कामात आम्हीही तो वाचवला होता. पंधरा दिवसांत ती खानापूरची गाडी परत आली. ऑइल नळीतून वाहत चाकापर्यंत आलेलं, ब्रेकचे पॅड भिजलेले. मालक बायको-मुलांना घेऊन घाट उतरले होते. काही झालं नाही हे त्यांचं आणि आमचं नशीब. ते काम आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा केलं. आता डिफरन्शियल न काढता हे काम कोणी स्वस्तात करायला सांगितलं तरी आम्ही घेत नाही.

डिफरन्शियल काढताना बेअरिंगच्या टोप्यांवर पंचाने खुणा करतो, म्हणजे डावी डावीकडेच आणि उलटी न होता बसते. शिम, म्हणजे अंतर जुळवायच्या पातळ चकत्या, ज्या बाजूचे त्याच बाजूला जातात. त्यांची अदलाबदल झाली की क्राऊन-पिनियन रडायला लागतात. जोडताना चेरोकीच्या हबचं मोठं नट टॉर्क रेंचने २३७ न्यूटन-मीटरला कसतो, पान्याला पाइप लावून अंदाजाने नाही. शेवटी जीएल-५ प्रतीचं नवीन ऑइल, डाना ३० ला साधारण दीड लिटर. गाडी ओढ्यातून जात असेल तर ॲक्सलच्या ब्रीदरची, म्हणजे हवा ये-जा करायच्या वाटेची, नळी उंच बांधून देतो. गरम ॲक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बुजलेला असला तर सीलमधून पाणी ओढलं जातं. दुधासारखं पांढरं ऑइल निघतं ते यामुळेच.

शाफ्ट कुठला?

नंतरच्या चेरोकीचा कंपनीचा शाफ्ट मिळाला तर तोच घालावा, आतल्या टोकाला २७ दाते मोजून. १९९५ च्या सुमाराचा आणि त्यानंतरचा असेल तर क्रॉस मोठा येतो. तो जास्त दणकट, पण मग डावा शाफ्टही त्याच मापाचा घ्यावा म्हणजे दोन्हीकडे एकच क्रॉस ठेवता येतो. मिळाला नाही तर आम्ही ईएन-२४ पोलादाचा करून घेतो.

बेळगावात लेथ आणि फाउंड्रीला तोटा नाही. शाफ्ट मापात उतरवून देणारे हात इथे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण ॲक्सलचा शाफ्ट मापात आला म्हणजे झाला असं नाही. तो बाहेरून कडक आणि आतून चिवट हवा. नुसता कडक असला तर काचेसारखा तुटतो, नुसता मऊ असला तर पिळवटतो. दाते संपतात तिथे कोपरा तीक्ष्ण ठेवला तर भेग तिथूनच सुरू होते, म्हणून तिथे गोलाई ठेवावी लागते. हीट ट्रीटमेंटनंतर शाफ्ट किंचित वाकतो, तेव्हा दोन सेंटरमध्ये धरून डायल गेज लावल्याशिवाय आम्ही तो बसवत नाही. गेजचा काटा हवं तर तुम्ही स्वतः उभं राहून बघा.

एक कळकळीची विनंती. जुन्या दोन तुकड्यांवर कॉलर वेल्डिंग करून "अखंड" करून देणारे भेटतात. ते करू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथली कडकपणाची प्रक्रिया मरते आणि शाफ्ट वेल्डच्या काठावर तुटतो. तुटतो तोही जोर लागतो तेव्हाच, म्हणजे चढावर किंवा चिखलात.

नंतर गाडी कशी वागेल

अखंड शाफ्ट घातला म्हणजे गाडी कायमची फोर-बाय-फोर होते, हा समज चुकीचा आहे. ताकद पुढे न्यायची की नाही हे गिअरबॉक्समागची ट्रान्सफर केसच ठरवते आणि लीव्हर पूर्वीसारखाच चालतो. फरक इतकाच की टू-व्हीलमध्येही पुढची चाकं क्राऊन, पिनियन आणि प्रोपेलर शाफ्टला सोबत फिरवत राहतात. इंधन थोडं जास्त जातं. प्रोपेलरचे क्रॉस झिजलेले असतील तर आधी न जाणवलेली थरथर हायवेला जाणवायला लागते, म्हणून ते आम्ही त्याच वेळी तपासतो. पुणे-बेंगळुरू हायवेवरच रोज धावणारी, वर्षातून एकदा चिखल बघणारी गाडी असेल तर आमचा सल्ला सरळ आहे : नळ्या बदला, मूळ रचना राहू द्या. शेतात, मळ्यात, जंगलाच्या कडेला रोज जाणाऱ्याने अखंड शाफ्ट घ्यावा. दोन्ही हवं असेल तर अखंड शाफ्टबरोबर हबवर हाताने फिरवायचे फ्री-व्हील लॉक बसवता येतात. खर्च वाढतो, पण आमच्या मते सर्वांत चांगली जोडी तीच.

आणि कोरड्या डांबरावर फोर-बाय-फोर टाकून वळू नका. पूर्वीही चूक होतं, आताही आहे. पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो ताण कुठेतरी निघावाच लागतो.

कागदपत्रं आणि गाडी देताना

या कामात चेसिस, ॲक्सलची नळी, चाकांमधलं अंतर किंवा आरसीवरची कुठलीही नोंद बदलत नाही. दुसऱ्या गाडीचा अख्खा ॲक्सल बसवून देण्याचं काम मात्र आम्ही घेत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत, आणि मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. झालेल्या कामाचं सविस्तर बिल देतो, त्याची प्रत विमा कंपनीला लेखी पाठवा.

शाफ्ट हाताशी असेल तर गाडीला दोन दिवस लागतात, करून घ्यायचा असेल तर जास्त. अंदाजपत्रक आधी लिहून देतो. ॲक्सल उघडल्यावर आणखी काही निघालं तर फोन करून तुमचा होकार घेतल्याशिवाय पुढे जात नाही. हेच पत्रक कन्नडमध्ये काउंटरवर आहे, शेजाऱ्यांसाठी हवं तर घेऊन जा.

काढलेले दोन तुकडे, कॉलर, फोर्क आणि व्हॅक्यूम मोटर ऑइल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून तुमच्या डिकीत ठेवलेली असतील. भंगारात घालू नका. पुढे गाडी विकताना नवीन मालकाला मूळ रचना हवी असली तर नेमकं मूळ मापाचं सील घालून हेच सामान परत बसतं.